विहिरीवरचा नंबर

उदगीर,
२६ नोव्हेंबर २०२४

उज्वला,

सलाम नाही, नमस्कार नाही. मी रागात आहे. तो फोनवर काढायची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून सदफच्या वहीचं पान फाडून लिहायला बसले. बारावीनंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आठ दिवस झाले, रोज दुपारी तुला फोन करते. एक रिंग जाते आणि कट. फोन बंद असता तर समजलं असतं, रेंज नसती तरी समजलं असतं. पण वाजतो आणि तू कापतेस! मी काय विमा विकणारी बाई आहे? महेबूब म्हणतात, "शेतात आसंल ती, कामात आसंल." मी म्हटलं, आठ दिवस एक बाई लाल बटणावर बोट ठेवून शेतात उभी राहते का?

अकरमच्या लग्नाला आलीस तेव्हा माझ्या दिराचा निकाह राहिला बाजूला आणि आपण दोघी गच्चीवर बसून तुझा फॉर्म भरत होतो. लोह्याच्या बायकांच्या डाळ मिलला मशीन चालवायला बाई पाहिजे, हे तूच मला सांगितलंस. "आमच्या यांना यातलं काही कळू देऊ नको" अशी कसमही मला घातलीस. फॉर्म गेला तेव्हा तुझा चेहरा कसा झाला होता, माहिती आहे? दहावीत आमच्या अब्बांच्या दुकानात बसून तू पहिल्यांदा पंख्याची मोटार भरलीस आणि पंखा फिरला होता, अगदी तसा.

आणि आता माझाच फोन घेत नाहीस. हरिओमभाऊंना कळलं का? त्यांनी मना केलं का? केलं असेल तर लिही, मी महेबूबना घेऊन येते. तूच घाबरून माघार घेतली असशील तर तेही लिही, मग एकटीच येते आणि तुला बघते. आजपासून मी नंबर फिरवणार नाही. कसमच आहे.

रईसा


बोरवाडी, ता. लोहा
२ डिसेंबर २०२४

रईसा,

तुझं पत्र पोस्टमननं सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "कोर्टाचं हाय का गं?" या घरात कागद येतो तो मशीनच्या गॅरंटीचा, नाही तर मीटरचा. माणसाचं पत्र त्यांना कसं ओळखू येणार?

तुझा फोन मी कापला नाही. माझ्याकडं फोन आहे, पण त्यात सिम नाही. माझं सिम विहिरीवर आहे.

हसू नकोस. दिवाळी झाल्यावर यांनी विहिरीच्या मोटारीला मोबाइलचा स्टार्टर बसवला. डबा असतो भिंतीवर, त्यात सिम घालायचं. त्या नंबरला फोन केला की मोटार चालू, आणि मेसेज टाकला की बंद. बसवणारा माणूस दारात उभा, डबा तयार, आणि सिम आणायचं मात्र हे विसरले. मी भाकरी थापत होते, दोन्ही हात पिठात. फडताळावरचा माझा फोन घेऊन म्हणाले, "तुझं देतो घालून. तू तर घरीच आसतीस." माझ्यासमोर टाचणी खुपसून सिम काढलं आणि गेले. उद्या नवीन आणतो म्हणाले. तो उद्या दहा नोव्हेंबरचा होता.

तुला आमच्या घराची कल्पना नाही. कडबा तोडायचं मशीन आहे, तण काढायचं आहे, बॅटरीचा फवारा आहे. दूध काढायचं मशीन आणलं, ते म्हशीनं एका लाथेत उकिरड्यावर पाठवलं. पोळ्यांच्या मशीनमधून पापड निघतात. गोठ्यात कॅमेरा लावला आणि तो टीव्हीला जोडला, तेव्हापासून सासूबाई मालिका सोडून गोठा बघतात. मी धार काढायला बसले की आतून आवाज येतो, "उज्वला, जरा सरकून बस, म्हैस दिसत न्हाई!" आणि याच घरात मिक्सरचं भांडं गणपतीपासून गळतंय, त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नाही.

मला संताप कशाचा येतो सांगू? या माणसाला मशीन आणायचा नाद आहे, सांभाळायचा नाही. पंधरा दिवस कौतुक, मग ते बंद पडतं, आणि पदर खोचून स्क्रू उघडायला बसते मी. मागं दसऱ्याला मी नोकरीचा विषय काढून पाहिला होता. म्हणाले, "घरात एवढ्या मशीनी हायत, त्या कोण चालवणार?" चेष्टेनं नाही गं, मनापासून विचारलं. म्हणून तर फॉर्म चोरून भरला. आता सिम मागितलं तर कुणाचा फोन यायचाय म्हणून विचारतील. मिलवाल्यांना फोन लागला नाही तर ते पत्र टाकतील, फॉर्मवर पत्ता आहेच, या आशेवर मी गप्प आहे. ही एकच गोष्ट मी आजवर माझ्यासाठी मागितली आहे, रईसा. ती हातची जाऊ नये एवढंच वाटतं.

दुसरं म्हणजे, ती मोटार आपोआप चालू होते. कुणी फोन केलेला नसतो आणि पाणी चालू. हळदीत चिखल झालाय, कंद सडायला लागलेत. सासूबाईंनी स्टार्टरच्या डब्याला लिंबू-मिरची बांधली. यांनी वही घातली आहे, मोटार कधी कधी आपोआप लागली ते लिहायला. तुला पत्र लिहिते आहे म्हटल्यावर, महेबूबभाई मोटारींचं काम करतात म्हणून त्यांच्यासाठी चिठ्ठी दिली, ती सोबत ठेवते. तुझं पत्र यांनी वाचलेलं नाही. ते ज्वारीच्या कणगीत आहे.

तुझी,
उज्वला


(सोबतची चिठ्ठी)

महेबूबभाई यांस, हरिओमचा नमस्कार.

फोन केला की तुमच्या दुकानात मागं घरघर असते, माझं तुम्हाला कळत नाही, तुमचं मला. म्हणून कागदावर देतो. स्टार्टर नवा कोरा आहे. माल चांगला आहे, पण एक फॉल्ट आहे. सध्या आमच्याकडं दिवसाची लाइट आहे. १८ नोव्हेंबरपासून २५ पर्यंत रोज दुपारी चारच्या सुमारास मोटार आपोआप लागली. एक दिवस चुकला नाही. उन्हानं बोर्ड तापत असेल म्हणून मी डब्यावर छत्री बांधली. २६ आणि २७ ला मोटार गप्प. मला वाटलं जमलं. पण २८ ला सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी लागली, बंद केली तर अकरा चाळीसला परत. २९ ला पावणेअकराला. आता सकाळच्या उन्हाचं काय करायचं? तुमचा सल्ला कळवा. छत्रीचा फोटो नंतर पाठवतो.

हरिओम


उदगीर,
७ डिसेंबर २०२४

उज्वला,

आधी माफी मागते, मग पुढचं.

महेबूबनी चिठ्ठी वाचली, हातातला पाना खाली ठेवला आणि इतके हसले की गिऱ्हाईक उठून बघायला आलं. म्हणाले, "हरिओमभाऊला सांगा, बोर्डाला काही झालं न्हाई. भूत उदगीरला हाय आन् त्याच्यासंगं माझा निकाह झालाय."

अगं, त्या स्टार्टरला आपले ठरावीक नंबर नोंदवून कुलूप घालायचं असतं. मग दुसऱ्या कुणाच्या फोननं तो हलत नाही. सोबतच्या पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणे. ते हरिओमभाऊंनी केलंच नाही. म्हणून जगातल्या कुणीही तुझा नंबर लावला की डबा एक रिंग घेतो, फोन कापतो आणि मोटार सुरू करतो. सदफ शाळेत असते, माझी भांडी झालेली असतात, मी चार वाजता आडवी पडून तुला फोन लावते. तू उचलत नाहीस म्हणून शिव्या देते. आणि तिकडं तुमच्या हळदीला पाणी चाललंय! आठ दिवस मीच तुमचे कंद सडवले, बाई. सासूबाईंची लिंबू-मिरची माझ्याच गळ्यात बांधायला पाहिजे.

हसून झाल्यावर मी चिठ्ठी परत वाचली आणि माझं हसू गेलं. २६ तारखेला मी तुला पत्र टाकलं आणि कसम घेतली. त्यानंतर मी फोन केलेला नाही. म्हणून २६ आणि २७ ला मोटार गप्प होती. मग २८ चे दोन आणि २९ चा एक, हे कुणाचे? माझा मोबाइल उघडून तारखा तपासल्या. माझे नाहीत. सकाळी अकरा वाजता, एकामागून एक, कामकाजाच्या दिवशी फोन कोण करतं?

उज्वला, ते डाळ मिलवाल्यांचे असतील. मला दुसरं काही सुचत नाही. फॉर्मवर त्यांचा नंबर असता तर मीच विचारलं असतं, पण तिथं नुसता पत्ता होता. हरिओमभाऊंच्या फोनवर तुला बोलवावं तर त्यात ते रेकॉर्डिंग लावून ठेवतात. मागं माझंच बोलणं मला ऐकवून "आवाज किती साफ येतोय बघा" म्हणाले होते. म्हणून हे स्पीड पोस्टानं टाकते. पत्र वाचून कणगीत ठेवत बसू नकोस. चप्पल घाल आणि लोह्याला जा.

रईसा


बोरवाडी,
१३ डिसेंबर २०२४

रईसा,

गेले होते. परवा नाही, तेरवा. सासूबाईंच्या गोळ्या आणते म्हणून जीपमध्ये बसले आणि थेट मिलवर उतरले.

तिथल्या प्रमुख बाई नीलम्मा, देगलूरकडच्या आहेत. उंच, आवाज मिलपेक्षा मोठा. मी नाव सांगितलं तशी त्यांनी रजिस्टर उघडलं. माझ्या नावापुढं लाल पेनानं तीन फुल्या होत्या. "तीनदा फोन केला बाई तुला. तिन्ही डाव कापलास. मी म्हन्लं, जिच्या घरात फोन उचलू देत न्हाईत ती रोज कामाला येनार कशी?" मी काय सांगणार होते? की मी नाही कापला, विहिरीनं कापला? ते सांगितलं तर त्यांना वाटलं असतं ही खुळी आहे. तरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "परीक्षा घेतली. शेलगावची एक बाई घेतली. आता काय करू मी?"

मागं मिल चालू होती. पट्टा फटफट वाजत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुली वाकडी बसलीय, पट्टा कापेल." नीलम्मांनी मशीन बंद करून बघितलं. खरंच वाकडी होती. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच रडू आलं. संक्रांतीनंतर काम वाढलं तर दुसरी पाळी लावू, म्हणाल्या, पण शब्द देत नाही. तीन वेळा माझं नाव घेऊन कुणीतरी मला हाक मारली, रईसा, आणि तिन्ही वेळा हळद भिजली!

घरी आले आणि गोळ्यांची पुडी सासूबाईंना दिली. मग यांना सगळं सांगितलं. फॉर्म, तुझे फोन, मिलचे फोन, सगळं. ओट्यावर बसून ऐकत होते. मी बोलायची थांबले, तर पहिलं वाक्य काय निघावं? "मंजे स्टार्टर चांगला हाय!"

रईसा, त्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंद होता. एक क्षणच, पण होता. मला हातातला तांब्या फेकून मारावासा वाटला. मग त्यांचं त्यांना कळलं आणि चेहरा उतरला. म्हणाले, "मला सांगितलं आसतं तर सिम काढून दिलं नसतं का?" मी म्हटलं, "नेताना तुमी मला इचारलं व्हतं का?"

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, माझ्या नंबरचं दुसरं सिम काढून आणते. सिमचं जुनं पाकीट शोधलं तर कळलं की तो नंबर यांच्याच नावावर आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी यांनीच घेऊन दिला होता. बारा वर्षं मी सगळ्यांना माझा नंबर म्हणून सांगत आले, आणि दुकानात जाऊन तो मागायचा हक्कही मला नाही.

तीन दिवस झाले, मी यांच्याशी बोलत नाही. स्वयंपाक करते, वाढते, बस्स. हे हळदीत चर खणत बसलेत, पाणी काढून द्यायला. खणू देत.

तुझी,
उज्वला


बोरवाडी,
१६ डिसेंबर २०२४

रईसाताई यांस,

हरिओमचा नमस्कार. हे पत्र उज्वलाला माहीत नाही. तुम्हीही सांगू नका. ती माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, पाया पड. मी पडायला तयार आहे, पण ती जागेवर थांबत नाही.

मी चुकलो. पण ताई, मी वाईट माणूस नाही. आमच्या वडिलांना, शेषेरावांना, तुम्ही पाहिलं नाही. ते विहिरीवर डिझेलचं इंजिन हँडल मारून चालू करायचे. मी सात वर्षांचा असताना ते हँडल उलट फिरलं आणि त्यांचं मनगट मोडलं. शेवटपर्यंत त्या हातानं त्यांना घास नीट घेता आला नाही. तेव्हापासून मला बटणाची आवड आहे. बटण दाबलं की काम होतं, कुणाचं काही मोडत नाही. मी जे आणतो ते घरातल्यांच्या हातांना सुख व्हावं म्हणून आणतो. कुणी तसं समजत नाही.

आता मी विचार केला. उज्वलाला डाळीचं मशीन चालवायचं आहे, एवढंच ना? मग मी घरीच मशीन आणतो. छोटी डाळ मिल निघाली आहे, घरच्या लाइटीवर चालते, पडवीत बसते. मी तिचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. लोह्याला जायला नको, जीपची वाट पाहायला नको, कुणाची बोलणी खायला नकोत. तिनं घरात बसून चालवावी. महेबूबभाईंना विचारा, दोन एचपीची मोटार पुरेल की तीनची घेऊ? तीनची घेतली तर पुढं पिठाची चक्कीही जोडता येईल. उत्तर लवकर द्या. तिच्या चेहऱ्यावर एकदा हसू आलं की माझं झालं.

आपला भाऊ,
हरिओम


उदगीर,
२१ डिसेंबर २०२४

हरिओमभाऊ,

तुमचं पत्र वाचून तुमच्या वडिलांसाठी वाईट वाटलं. पण मशीन घेऊ नका. महेबूब म्हणतात दोन एचपी पुरेल. मी म्हणते, अर्धा एचपीसुद्धा नको.

तुम्ही म्हणता तिला डाळीचं मशीन चालवायचं आहे. तेवढंच असतं तर ती तुमच्या घरातली सात मशीनं चालवतेच की! तिला आठच्या जीपनं डबा घेऊन बाहेर पडायचं होतं. दाराबाहेर कुणीतरी तिची वाट बघावी, उशीर झाला तर रागवावं, तिच्या हाताखाली पट्टा नीट चालला तर तिचं नाव घ्यावं. संध्याकाळी तुमच्यासारखंच तिनंही थकून घरी यावं आणि "आज काय झालं माहिताय का" म्हणून सांगावं. माझे अब्बा म्हणायचे, या पोरीचा हात माझ्या सगळ्या कारागिरांपेक्षा साफ आहे. तिला उदगीर सोडून पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून असं कुणी म्हटलं का? तुम्ही म्हटलं का?

तुम्ही मिल पडवीत आणून बसवाल, तर तिला बाहेर जायचं कारणही तुम्हीच घरात आणून कोंडाल. बोलणं कडू लागेल. बहीण म्हणून लिहिलंय, भाऊ म्हणून गिळा.

रईसा


बोरवाडी,
३ जानेवारी २०२५

रईसा,

तुझं यांना आलेलं पत्र पोचलं २६ तारखेला. मशीन टेम्पोतून उतरलं २४ ला. आपली पोस्ट आणि यांचा उत्साह, यांची शर्यत लागली तर पोस्ट कधी जिंकणार?

मी गोठ्यात होते. बाहेर आले तर दारात हे उभे, हात मागं बांधून, पास होऊन आलेल्या पोरासारखे. सासूबाईंनी तोवर मशीनला हळदीकुंकू वाहून नारळही फोडला होता. गोठ्यातला कॅमेरा काढून इकडं लावता येईल का, हेही विचारून झालं होतं. हे म्हणाले, "तुझ्यासाठी हाय. चालवून बघ की."

आणि वाईट काय माहितीय? मशीन चांगलं आहे! सरळ पुली, जाड पट्टा, जाळी बदलायला सोपी. माझे हात शिवशिवले. पण मी हात लावला नाही. एवढ्या महिन्यांचं साठलेलं सगळं तिथंच, टेम्पोवाल्यासमोर, बाहेर आलं.

"मला मशीन नको हाय," म्हटलं. "मशीनींनी माझा जीव गेलाय. मी काय मागितलं व्हतं तुमाला? नंबर एक, तोबी डब्यात घातलात. मला भाईर जायचंय. तुमी ते भाईर उचलून घरात आणायलात!"

"घरात सुखानं करावं म्हून..."

"माझं सुख मला इचारून आणा ना! कडबा कुठला तोडायचा ते म्हशीला इचारता, मला का न्हाई?"

टेम्पोवाला खाली बघून दोरी गुंडाळत राहिला. मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि पोटभर रडले. लाज वाटली नाही, सांगते तुला.

दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. यांनी ते ओट्यावर बसून दोनदा वाचलं आणि गोठ्यात जाऊन बसले. आतून सासूबाई ओरडल्या, "आरं, टीव्हीत तू दिसायलास! रडायलास का काय?" मी टीव्हीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर विरघळले असते, आणि मला इतक्यात विरघळायचं नव्हतं.

संध्याकाळी मला म्हणाले, "आधार कार्ड कुठं हाय तुझं? उद्या तुझ्या नावानं सिम घिऊ. मी येऊ का संगं?" मी म्हटलं, नको. एकटी गेले. अंगठा माझा, फोटो माझा, कागद माझा. नवा नंबर पाकिटाच्या मागं लिहिला आहे. तो फक्त माझा आहे. जुना राहू दे डब्यात. महेबूबभाईंनी सांगितलं तसं त्याला आता कुलूप घातलंय, तेही मीच घातलं, कारण पुस्तक अजून कुणी उघडलं नव्हतं.

तिथून मिलवर गेले. नीलम्मांचं रजिस्टर मागून घेतलं आणि तीन फुल्यांच्या शेजारी माझ्या हातानं नवा नंबर लिहिला. म्हणाल्या, "आशा लावू नको बाई. दुसरी पाळी लागंल, न्हाई लागंल." मी म्हटलं, लागो न लागो, फोन लागू दे. शेलगावची बाई पट्टा लावत होती. पुली तिनं परत वाकडी बसवली होती. मी या खेपेला तोंड उघडलं नाही, आणि त्याचं मला रस्ताभर वाईट वाटत राहिलं.

दुकानदार मशीन परत घेत नाही म्हणतो. ते ताडपत्रीखाली उभं आहे. मी येता-जाता त्याच्याकडं बघत नाही, म्हणजे बघते, पण चिडून बघते.

आता काल संध्याकाळचं सांगते आणि थांबते. हे म्हणाले, नवा नंबर दे की. मी म्हटलं, घ्या लिहून. त्यांनी फोन उघडला. मी शेजारीच होते, दिसलं मला. विहिरीच्या नंबरापुढं नाव होतं, उज्वला. रोज सकाळी हा माणूस उज्वला दाबतो आणि मोटार चालू होते!

"हे काय?" म्हटलं.

लाजून हसले. "नाव न्हाई बदललं मी. सिम डब्यात गेलं तरी म्हन्लं, ऱ्हाऊ दे. रोज सकाळी पयला फोन तुझ्याच नावानं करतो."

त्यांना ते प्रेम वाटत होतं, रईसा. कदाचित असेलही. पण दोन महिने माझ्या नावानं हाक मारून हा माणूस पाणी सोडत होता, आणि मी चार हातांच्या अंतरावर भाकरी थापत होते. एकदाही त्याला मान वळवून घरात बघावंसं वाटलं नाही. मला हसावं की ओरडावं तेच कळेना. मी एवढंच म्हटलं, "तिथं मोटार लिवा. हितं माझं नाव लिवा."

लिहिलं. यांना मशीन लवकर कळतं, पण हे लिहायला बराच वेळ लागला. मग नंबर बरोबर लागतो का बघायला त्यांनी फोन लावला, आणि माझ्या हातातला फोन वाजला. ते समोर उभे, मी समोर उभी. मी लगेच उचलला नाही. वाजू दिला. पाच-सहा रिंग झाल्या तशी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मग उचलला आणि कानाला लावून विचारलं, "कोण बोलतंय?"

गोंधळले जरा. फोन कानावरच होता, काढला नाही.

"मी... हरिओम बोलतोय बोरवाडीहून," म्हणाले. मग अगदी हळू, "उज्वलाबाई हायत का?"

मी म्हटलं, "हाव. बोला."

तुझी,
उज्वला